फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन: स्वित्झर्लंडच्या घाटांत स्वतः गाडी चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही स्वित्झर्लंडच्या घाटांतून गाडी हाकून आलो त्याला दोन उन्हाळे झाले, तरी एप्रिल उजाडला की ओळखीपाळखीतले फोन सुरू होतात. प्रश्न साधारण तेच. सुरुवातही तीच: "आम्ही वरंध्यात चालवलीय, आंबेनळीत चालवलीय, तिथे असं काय अवघड आहे?" रस्ता अवघड नाहीच. खड्डा शोधून सापडत नाही. अडचण होते ती आपल्या हातापायांना लागलेल्या सवयींची. त्यातल्या काही तिथे फार उपयोगी पडतात, काही विमानतळावरच सोडून द्याव्या लागतात. खालची उत्तरं त्याच हिशेबाने वाचा.

नेमके कुठले घाट? किती अंतर, किती वेळ?

आन्डरमाट नावाचं गाव मध्यभागी धरा. झुरिक विमानतळापासून साधारण सव्वाशे किलोमीटर. तिथून पश्चिमेला फुर्का (२,४२९ मीटर) चढायचा, पलीकडे ग्लेचला उतरायचं, लगेच उत्तरेला ग्रिम्झेल (२,१६४ मीटर) चढून इनर्टकिर्खनला उतरायचं, मग पूर्वेला सुस्टेन (२,२२४ मीटर) ओलांडून वासनला, आणि शोलेननच्या अरुंद घळीतून परत आन्डरमाटला. फेरी साधारण १२० किलोमीटरची. कळसूबाई १,६४६ मीटर आहे हे डोळ्यांसमोर ठेवलं म्हणजे या आकड्यांचा अंदाज येतो.

नकाशा तीन तास दाखवतो. त्यावर जाऊ नका. सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचला परत, असा अख्खा दिवस ठेवा. आम्ही ग्रिम्झेलच्या माथ्यावरच दीड तास घालवला. समोरच्या डोंगरावर आपण नुकताच उतरलेला फुर्का पूर्ण दिसतो. कुणी तरी दोरी टाकून दिल्यासारखी वळणं, आणि त्यातल्या एका वळणाच्या कोनात एकटं उभं बेल्व्हेडेर हॉटेल. हॉटेल १८८२ सालचं, आता बंद, खिडक्या मिटलेल्या. त्याच्या मागेच ऱ्होन हिमनदी. १८५० च्या सुमारास ही हिमनदी खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत उतरलेली होती. आता ती हॉटेलच्याही मागे, वरच्या खडकांत सरकून बसली आहे. मोठी ऱ्होन नदी इथूनच निघते आणि पार फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राला मिळते.

तिन्हींत चालवायला सर्वांत सोपा सुस्टेन. तो १९४६ साली खुला झाला, म्हणजे मोटारी डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेला. वळणं ऐसपैस, चढ एकसारखा. पहिल्यांदाच जाणाऱ्याने फेरी सुस्टेनपासून सुरू केली तरी चालेल. आम्ही मात्र फुर्क्यापासून करायला सांगतो. कारण पुढे उंचीच्या भीतीच्या प्रश्नात आहे.

कधी जावं?

जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबरअखेर. हे तिन्ही घाट हिवाळ्यात बंद असतात, आणि बर्फ काढून ते साधारण जूनच्या सुमारास उघडतात. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांची इथेच फसगत होते. खाली झाडं हिरवीगार, वर फाटक लावलेलं.

शनिवार-रविवार टाळा. त्या दिवशी मोटारसायकलवाल्यांचे ताफे असतात. वळणावर आरशात कोणी नाही म्हणता म्हणता तिघं शेजारून निघून जातात. जुलैतसुद्धा माथ्यावर बर्फ भुरभुरू शकतो, तेव्हा स्वेटर डिकीत नको, मागच्या सीटवर ठेवा.

उजव्या बाजूने चालवणं जमतं का?

जमतं, आणि वाटतं त्याहून लवकर. एकच गोष्ट घोकायची: चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे. भारतातही आपण मधल्या रेषेकडेच बसतो, तिथेही तसंच. दरी किंवा डोंगर शेजारी बसणाऱ्याच्या दाराला. हे डोक्यात बसलं की चूक होत नाही. घोटाळा होतो तो पंपावरून, पार्किंगमधून किंवा चहा पिऊन रिकाम्या रस्त्यावर परत निघताना. समोर गाडी नसते आणि हात आपसूक डावीकडे वळतो. आमच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याचं काम ठरलेलं होतं. गाडी सुरू झाली की मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. पहिले दोन दिवस हसू येतं, तिसऱ्या दिवशी आभार मानावेसे वाटतात.

इंडिकेटर डाव्या दांडीला असतो. ज्यांच्या घरच्या गाडीत तो उजवीकडे आहे ते पहिल्या दिवशी कोरड्या काचेवर वायपर फिरवतात. सगळेच फिरवतात, लाजू नका.

वळणांचंही उलट होतं. आपल्याकडे डावं वळण आवळून येतं, तिथे उजवं. चढावर उजवं हेअरपिन वळण आलं की आपली लेन आतल्या बाजूची, म्हणजे सर्वांत उभी आणि सर्वांत तोकडी. वळणाआधीच दुसरा गिअर टाकून घ्या, वळणात मध्येच गिअर शोधत बसू नका. डावं वळण मोकळं वाटतं म्हणून ते कापायचा मोह होतो. कापू नका, समोरचा आपल्या लेनमध्ये असतो आणि आपणही आपल्या लेनमध्ये असू हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

घाटातल्या कुठल्या सवयी सोडायच्या?

डिपर ही पहिली. आपल्याकडे समोरच्याने लाइट मारला की अर्थ "मी येतोय, थांब". तिथे अरुंद जागी समोरचा थांबून लाइट मारतो तेव्हा बहुतेक वेळा "तू ये" असं म्हणत असतो. आम्ही पहिल्या दिवशी थांबलो, तोही थांबलेला, मधे रिकामा रस्ता. शेवटी त्या गृहस्थाने खिडकीतून हात बाहेर काढून यजमानासारखा "या, या" केला.

दुसरी, पुढच्या ट्रकने इंडिकेटर दिला की "जा पुढे" असं समजायची. तिथे इंडिकेटर म्हणजे तो स्वतः वळतोय.

तिसरी, उतारावर न्यूट्रल. ज्यांना पेट्रोल वाचवायची ही सवय आहे त्यांनी ती तिथे जाण्याआधी मोडावी. खरं तर खंबाटकीतही मोडावी.

हॉर्नबद्दल मात्र सगळे चुकीचं सांगतात. तिथे हॉर्न वाजवणं गुन्हा नाही. गावाबाहेर अरुंद आणि पलीकडचं न दिसणाऱ्या वळणाआधी इशारा द्यावा असं स्विस नियमातच आहे. अंधारात हॉर्नऐवजी लाइटचा इशारा. पण पुढच्या सायकलवाल्याने बाजूला व्हावं म्हणून हॉर्न दिलात तर तो वळून असा बघेल की पुन्हा वाजवणार नाही. सायकलवाले घाटात खूप असतात, सत्तरीच्या आजीबाईसुद्धा. समोरचं स्वच्छ दिसेपर्यंत मागे थांबायचं आणि मग भरपूर अंतर सोडून पुढे जायचं.

दिवसाही हेडलाइट लावणं बंधनकारक आहे. आपल्याकडे कुणी तरी लगेच हाताची बोटं मिटून-उघडून "लाइट चालू आहे" सांगेल. तिथे चालूच ठेवा.

अरुंद जागी समोरासमोर आलो तर मागे कोणी जायचं?

चढणाऱ्याचा मान पहिला. उतरणाऱ्याने आधी थांबायचं, गरज पडली तर मागे घ्यायचं. चढणारा जागेच्या अगदीच जवळ असेल तर गोष्ट वेगळी. हा नियम आपल्याकडेही कागदावर असाच आहे. तिथे तो पाळतात. मोठी गाडी आणि लहान गाडी अशी गाठ पडली तर लहानाने सरायचं.

आणि सगळ्यांच्या वर पिवळी पोस्टबस, म्हणजे तिथल्या टपालखात्याची प्रवासी बस. निळ्या पाटीवर पिवळी तुतारी दिसली की समजा हा डोंगरी पोस्टाचा रस्ता. इथे बसचालक सांगेल ते ऐकायचं, तो थांब म्हणाला की थांबायचं, मागे घे म्हणाला की घ्यायची. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा भोंगा वाजवते. ऐकायला इतका गोड की पहिल्यांदा आम्हाला कुठे तरी बँड वाजतोय असं वाटलं.

तीच चूक नडली. फुर्क्यावरून ग्लेचकडे उतरताना भोंगा ऐकू आला, मी कौतुकाने खिडकी खाली केली आणि तसाच वळणात शिरलो. समोर बसचं तोंड. हेअरपिन वळणावर बसला अख्खा रस्ता लागतो, तिचं नाक आधी पलीकडच्या कठड्याकडे जातं आणि मग ती वळते. मला उलट्या चढावर तीस-चाळीस फूट मागे घ्यावी लागली. आईने मागच्या सीटवर रामरक्षा सुरू केली. बसचालक शांत. बोटाने एवढंच दाखवत होता: अजून थोडी, अजून थोडी, बस्स. शेजारून जाताना त्याने दोन बोटं टोपीला लावली. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला आहे, भोंगा ऐकला की वळणाच्या अलीकडेच, सरळ पट्ट्यावर, कडेला घेऊन थांबायचं.

उतरताना ब्रेक तापतात का?

हो, आणि इथे आपली घाटातली जुनी शिकवण सोन्यासारखी: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इनर्टकिर्खनचं गाव साधारण ६०० मीटरवर आहे आणि ग्रिम्झेलचा माथा २,१६४ वर. म्हणजे दीड हजार मीटरचा सलग उतार. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर अर्ध्यातच जळका वास येतो. ब्रेक मऊ लागायला लागला, पेडल खोल जायला लागलं की ओळखायचं. दुसरा किंवा तिसरा गिअर, इंजिनाला गाडी धरू द्यायची, ब्रेक वळणाआधी एकदा नीट दाबायचा आणि सोडायचा. सतत हलका दाबून ठेवणं सर्वांत वाईट.

ऑटोमॅटिक असेल तर गिअरची दांडी हाताने बदलायच्या खाचेत न्या किंवा स्टिअरिंगमागचं वजा चिन्ह दाबा. हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्या, उतारावर पुस्तिका उघडायची नसते.

इलेक्ट्रिक गाडीचं वेगळंच आहे. उतरताना ती बॅटरी भरत जाते आणि ब्रेक जवळपास लागतच नाही. पण माथ्यावरच बॅटरी गच्च भरलेली असेल तर ती अजून वीज घेणार कुठे? मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून घाटमाथ्यावरच्या हॉटेलात मुक्काम असेल तर रात्री पूर्ण चार्ज करू नका.

परवाना कोणता लागतो?

भारतीय परवाना आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही न्या. आपला परवाना इंग्रजीत छापलेला असला की पर्यटकाला स्वित्झर्लंडमध्ये त्यावर गाडी चालवता येते. पण गाडी भाड्याने देणारे पुष्कळदा आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, आणि फिरत फिरत इटलीत शिरलात तर तो लागतोच. आरटीओत ४ अ क्रमांकाचा अर्ज, १,००० रुपये शुल्क, मुदत एक वर्ष. परिवहनच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. नुसता आंतरराष्ट्रीय परवाना नेऊन मूळ घरी विसरलात तर उपयोग शून्य.

गाडी कोणती घ्यावी?

लहान. चौघं आणि चार बॅगा म्हणून सात आसनी मोठी गाडी घेतात आणि फुर्क्यावर पस्तावतात. उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते, त्यामुळे अगदी बारकं इंजिन भरल्या गाडीला दमतं. लहान टर्बो पेट्रोल उत्तम. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा. उजव्या हाताने गिअर टाकणं अवघड नाही, पण उजवी बाजू, नवे नियम आणि हेअरपिन यांत तेवढंच एक ओझं कमी.

विमा घेताना टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात येतो का ते वाचा. पुष्कळदा नेमकं तेच वगळलेलं असतं. घाटात कडेचा दगड लागतो तो टायरलाच. मुलं असतील तर १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीट सक्तीची आहे.

घाटाला टोल आहे का?

या तिघांना नाही. महामार्गासाठी मात्र विन्येट लागतं, म्हणजे काचेवरचा स्टिकर किंवा त्याचं ऑनलाइन रूप. ४० फ्रँक, वर्षाचंच मिळतं. स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या भाड्याच्या गाडीला ते असतंच. जर्मनी किंवा इटलीतून गाडी आणलीत तर सीमेवर स्वतः बघा. नसल्यास २०० फ्रँक दंड आणि वर विन्येट विकत घ्यायचं ते वेगळंच.

वेग आणि दंड?

गावात ५०, गावाबाहेर ८०, महामार्गावर १२०. घाटात ८० लिहिलेलं असलं तरी तिथे ४० ने जाणारा शहाणा. घाटात नाही, घाट संपल्यावरच्या गावात लोक सापडतात. उतार तसाच चालू असतो, पाटी मात्र ५० झालेली असते. गावात पाच किलोमीटरपर्यंत जास्त गेलात की ४० फ्रँक, दहापर्यंत १२०, पंधरापर्यंत २५०. त्यापुढे दंडावर भागत नाही, प्रकरण वर जातं. पत्र गाडी भाड्याने देणाऱ्याकडे जातं आणि तो आपलं कामाचं शुल्क लावून पुढे पाठवतो. रडारची आगाऊ सूचना देणारी अ‍ॅप आणि उपकरणं तिथे बेकायदा आहेत, फोनमध्ये असतील तर बंद करा.

मला उंचीची भीती वाटते. जमेल का?

चालवणाऱ्याला सहसा कमी वाटते, शेजारच्याला जास्त. फुर्क्याच्या आन्डरमाटकडच्या पायथ्याला रेआल्प गाव आहे, त्या बाजूला रस्ता अरुंद आहे आणि बराच भाग लोखंडी कठड्याविना. आन्डरमाटहून निघून रेआल्पकडून चढलात तर बहुतेक वेळ आपली लेन डोंगराच्या बाजूला राहते. उलट फिरलात तर त्याच ठिकाणी आपण दरीकडेला. म्हणून फेरी फुर्क्यापासून करायला सांगतो. मन घट्ट होत नसेल तर नुसता सुस्टेन करून या, काही कमी पाहिलं असं होत नाही.

घरात एकाला गाडी लागते.

त्याला पुढे बसवा, फोन काढून घ्या, आलेपाक किंवा आवळासुपारी हाताशी द्या. गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, झोप येते. निम्मा दोष चालवणाऱ्याचा असतो. वळणात वेग वाढवून, पुन्हा ब्रेक मारून जो चालवतो त्याच्या गाडीत सगळ्यांनाच लागते.

फोटोसाठी कुठेही थांबलं तर?

नाही. वाढवलेल्या जागा दर किलोमीटर-दीड किलोमीटरवर आहेत, तिथेच. गावात निळ्या पट्ट्यांच्या जागेत गाडी लावलीत तर काचेमागे घड्याळाची चकती ठेवायची, ती गाडीतच असते. काटा आलेल्या वेळेवर नाही, पुढच्या अर्ध्या तासाच्या खुणेवर लावायचा. १० वाजून १० मिनिटांनी आलात तर साडेदहावर, आणि तिथून एक तास. पांढऱ्या पट्ट्यांत बहुधा पैसे टाकावे लागतात.

घरचं खाणं नेता येईल का?

चिवडा, चकली, बाकरवडी, मेतकूट खुशाल. दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून न्यायला मनाई आहे, तेव्हा पेढ्यांचा डबा राहू द्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ताही नको. थर्मासमध्ये चहा भरून घ्या. माथ्यावर मिळतो, पण त्या किमतीत पुण्यात चौघांचा नाश्ता होईल.

घाट बंद निघाला तर?

प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी मोठा फलक असतो, घाट खुला की बंद ते त्यावर लिहिलेलं. निघण्याआधी टीसीएस या मोटारचालकांच्या संस्थेच्या यादीत बघा. फुर्का बंद असेल तर रेआल्पहून घाटापलीकडच्या ओबरवाल्ड गावापर्यंत गाडी आगगाडीवर चढवून नेतात. १९८२ सालचा पंधरा किलोमीटरचा बोगदा आहे. आपण गाडीतच बसून राहायचं, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची. बाहेर मिट्ट अंधार, आणि आपली गाडी स्वतः न चालता पुढे जातेय. मुलांना घाटापेक्षा हेच जास्त आवडतं.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर?

धोक्याचे चारही दिवे, त्रिकोण रस्त्यावर मागे लांब, माणसं कठड्यापलीकडे. ११२ सगळ्यासाठी, पोलीस ११७, रुग्णवाहिका १४४, डोंगरातली हवाई सुटका १४१४. घाटमाथ्यावर पेट्रोल पंप नाही, आन्डरमाटला टाकी भरूनच चढा.

एवढं केलं तर स्टेल्व्हिओ आणि ग्रॉसग्लोकनरही उरकून घ्यावं का?

उरकायला ते काही गावाहून परततानाचे बाजार नव्हेत. इटलीचा स्टेल्व्हिओ २,७५७ मीटर, प्राड गावाच्या बाजूने अठ्ठेचाळीस हेअरपिन, प्रत्येकावर क्रमांक. ऑस्ट्रियाचा ग्रॉसग्लोकनर १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटरचा, आणि त्याला टोल आहे, तोही दणदणीत. दोन्हींसाठी आन्डरमाटहून मुक्काम हलवावा लागतो. तीन दिवस हाताशी असतील तर एक दिवस ही फेरी, एक दिवस गोट्टहार्ड घाटातला ट्रेमोला नावाचा जुना रस्ता. तिथे रस्ता डांबराचा नाही, दगडी फरशीचा आहे, गाडी सगळी थरथरते आणि वेग आपोआप २५ वर येतो. तिसऱ्या दिवशी गाडी लावून ठेवा आणि पिवळ्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून त्याच वळणांवरून जा. वळणाआधी भोंगा वाजतो तेव्हा समोरचे कोण थांबतात आणि कोण खिडकी खाली करतात, ते वरून छान दिसतं.